शुद्धलेखनाच्या दुरुस्त्या तपासताना: शब्दावर काय टेकले आहे ते आधी पाहावे

देवरुखजवळ राहणाऱ्या आणि अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षात शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. ज्या ओपन सोर्स, म्हणजे कोड सर्वांसाठी खुला असलेल्या, प्रकल्पात ती दोन वर्षे काम करत आहे, तिथे तिला डॉक्युमेंटेशनच्या, म्हणजे वापरकर्त्यांसाठीच्या माहितीपानांच्या, रिव्ह्यूचे अधिकार मिळाले. पहिल्याच आठवड्यात एका नवख्या सहभागीने एकच पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल स्वीकारण्याची विनंती, पाठवली, तीत चाळीस फायलींमधल्या सुमारे तीनशे दुरुस्त्या होत्या. काही इंग्रजी पानांतल्या होत्या, काही मराठी भाषांतरातल्या. "स्पेलिंग आणि व्याकरणच तर आहे, मग सरळ मर्ज करावे का? की प्रत्येक शब्द पाहावा? आणि पाहायचा तर नेमके काय पाहायचे?" असे ती विचारते.

माझे उत्तर असे की डोळे झाकून काहीच मर्ज करू नये, म्हणजे मूळ मजकुरात सामावून घेऊ नये, पण तीनशे शब्दांकडे तीनशे वेळा सारख्याच नजरेनेही पाहू नये. मी दापोली तालुक्यात राहून गेली चौदा वर्षे निरनिराळ्या ओपन सोर्स प्रकल्पांचे इंग्रजी आणि मराठी डॉक्युमेंटेशन तपासत आलो आहे. या काळात ज्या चुका माझ्या हातून मर्ज झाल्या, त्यांतल्या बहुतेक 'फक्त स्पेलिंग' अशा नावाच्या पुल रिक्वेस्टमधूनच आल्या होत्या. कोडमधला बदल आला की आपण सावध होतो. शब्दातला बदल आला की शब्द शुद्ध झाला ना, एवढेच पाहतो आणि पुढे जातो. ज्याने कधी जांभ्या दगडाचा गडगा दुरुस्त केला आहे त्याला ठाऊक असते, की वाकडा दिसणारा दगड उपसण्याआधी त्याच्यावर कोणता दगड टेकला आहे ते हाताने चाचपावे लागते. डॉक्युमेंटेशनमधल्या शब्दावरही पुष्कळ काही टेकलेले असते: दुवे, भाषांतरे, कोडची उदाहरणे, आणि त्या सूचनेवर विसंबून काम करणारा माणूस. रिव्ह्यू म्हणजे ते चाचपणे.

सुरुवात वाचण्याच्या साधनापासून करा. नेहमीचा डिफ, म्हणजे जुन्या-नव्या मजकुराची तुलना, ओळीओळीने फरक दाखवतो. सहभागीच्या एडिटरने परिच्छेदाच्या ओळी नव्याने मोडल्या असतील, तर एका स्वल्पविरामासाठी दहा ओळी लाल-हिरव्या दिसतात आणि डोळा थकतो. गिट या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाच्या डिफ आज्ञेला वर्ड-डिफ हा पर्याय दिला की शब्दाशब्दातला फरक दिसतो आणि त्या दहा ओळींतला एकटा स्वल्पविराम सापडतो. क्वचित त्या गोंधळात नकळत गळालेला एखादा 'नाही'ही सापडतो, आणि तो सापडणे फार महत्त्वाचे असते. मूळ मजकूर एका ओळीत एक वाक्य अशा रीतीने लिहिलेला असेल तर हे काम आणखी सोपे होते. ही सवय जुनी आहे. संगणकतज्ज्ञ ब्रायन कर्निहन यांनी १९७४ मध्ये युनिक्स या संगणकप्रणालीच्या नवशिक्यांसाठी लिहिलेल्या टिपणात प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर सुरू करण्याचा सल्ला दिला होता, आणि पुढे मजकूर बदलणे सोपे जावे हेच त्यामागचे कारण होते. तुमच्या प्रकल्पात तशी पद्धत नसेल तर जरूर आणा, पण ओळींची फेरमांडणी आणि स्पेलिंगची दुरुस्ती या दोन गोष्टी एका कमिटमध्ये, म्हणजे बदलांच्या एका नोंदीत, कधीही येऊ देऊ नका.

यानंतर प्रत्येक बदललेल्या शब्दाबाबत पहिला प्रश्न असा विचारावा, की हा शब्द माणूस वाचतो की यंत्र? हा प्रश्न न विचारल्यामुळे माझ्या हातून घडलेली एक चूक सविस्तर सांगतो.

रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट या, साध्या मजकुरात खुणा देऊन पाने लिहिण्याच्या, मांडणीत परिच्छेदाच्या शेवटी लागोपाठ दोन अपूर्णविराम असले, तर त्याखालचा आत सरकवलेला मजकूर जसाच्या तसा, म्हणजे कोड म्हणून दाखवला जातो. ज्याला हे माहीत नाही त्याला ते दोन अपूर्णविराम टंकनदोष वाटतात, आणि तसे वाटण्यात त्याचा दोष नाही. जुलैतल्या एका संध्याकाळी, वीज गेलेली आणि लॅपटॉपची बॅटरी उतरत चाललेली असताना, मी अशी बारा 'जादा' विरामचिन्हे काढून टाकणारी दुरुस्ती घाईने मान्य केली. पाने बनली, कुठेही त्रुटी आली नाही. पण आज्ञांचे बारा नमुने आता कोड राहिले नव्हते, ते साधे गद्य झाले होते. आणि स्फिंक्स, म्हणजे अशा मजकुराची पाने बनवणारे साधन, साध्या गद्यावर टंकसौंदर्याचे संस्कार करते. आज्ञेच्या पर्यायाआधी येणाऱ्या दोन आडव्या रेघांची एकच लांब रेघ झाली, सरळ अवतरणचिन्हे वळणदार झाली. वाचकांनी त्या आज्ञा उचलून टर्मिनलमध्ये टाकल्या आणि प्रोग्रामने त्या नाकारल्या. पडद्यावर दोन्ही रेघा इतक्या सारख्या दिसत होत्या, की चूक कुठे आहे हे शोधायला आम्हाला तीन दिवस लागले. तेव्हापासून माझा नियम असा आहे की डॉक्युमेंटेशनमधली स्पेलिंगची दुरुस्तीसुद्धा डिफमध्ये वाचून थांबायचे नाही. पान प्रत्यक्ष बनवायचे, ब्राउझरमध्ये उघडायचे आणि जवळपास कोडचा नमुना असेल तर तो उचलून चालवून पाहायचा.

याच जातीचे इतर धोके चटकन सांगतो. मार्कडाउन या तशाच दुसऱ्या मांडणीत ओळीच्या शेवटी असलेल्या दोन मोकळ्या जागा म्हणजे ओळ तोडण्याची सूचना असते. 'फालतू स्पेस काढल्या' असे कमिटमध्ये लिहिलेले दिसले की पत्त्यांच्या आणि कवितेसारख्या मजकुराच्या ओळी एकमेकींना चिकटल्या नाहीत ना ते पाहावे. मराठी पानात आकडे देवनागरीत असणे योग्यच आहे, परंतु आज्ञेतला पोर्ट क्रमांक किंवा आवृत्तीचा क्रमांक देवनागरीत बदलला तर ती आज्ञा मोडते. कोडस्पेलसारखे साधन नेहमीच्या चुकांच्या यादीवरून दुरुस्ती सुचवते. त्यामुळे ते शब्दकोशावर चालणाऱ्या साधनांपेक्षा कमी खोटे इशारे देते, पण कोडमधल्या दोन-तीन अक्षरी चलनामांना तेही चूक समजू शकते. तुमच्याकडे आलेल्या तीनशे दुरुस्त्यांपैकी किती साधनाने केल्या आहेत हे सहभागीला मोकळेपणाने विचारा. यंत्राने केलेली दुरुस्ती वाईट असते असे नाही. ती कशी तपासायची ते मात्र वेगळे ठरते.

काही स्पेलिंगे चुकीची असूनही तशीच ठेवावी लागतात आणि हे नवख्या माणसाला पटवून द्यावे लागते. वेबच्या एचटीटीपी प्रणालीतल्या 'रेफरर' या हेडरमध्ये एक आर कमी आहे. ती चूक १९९६ च्या आरएफसी १९४५ मध्ये (आरएफसी ही इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांची क्रमांकित मालिका) तशीच छापली गेली आणि आज जगातले सर्व ब्राउझर आणि सर्व्हर त्याच चुकलेल्या नावावर चालतात. युनिक्समध्ये फाइल तयार करण्याच्या जुन्या सिस्टीम कॉलचे नाव 'क्रिएट' आहे, पण त्यात शेवटचा ई नाही. डॉक्युमेंटेशनमध्ये ही नावे 'शुद्ध' केली तर वाचकाचे प्रोग्राम चालणार नाहीत. त्रुटीच्या संदेशांचेही तसेच आहे. प्रोग्राम स्वतःच एखादा शब्द चुकीच्या स्पेलिंगने छापत असेल तर डॉक्युमेंटेशनमध्येही तो तसाच हवा, कारण अडचणीत सापडलेला वापरकर्ता तोच मजकूर जसाच्या तसा शोधतो. आधी प्रोग्राम दुरुस्त व्हावा, मग पान. परवान्याच्या फायलींना हात लावू देऊ नये; जीपीएल या ओपन सोर्स परवान्याच्या मजकुरात तर परवान्याचा मजकूर बदलण्यास मनाई असल्याचे स्पष्टच लिहिले आहे. आणि सहभागींच्या यादीतली माणसांची नावे कोणत्याही नियमाने सुधारू नयेत. आपल्याकडे पुष्कळ आडनावे गावांवरून आलेली असतात. एकाच गावावरून आलेले आडनाव एक घर ऱ्हस्व उकाराने लिहिते, तर दुसरे घर दीर्घ उकाराने, आणि दोन्ही घरे बरोबर असतात.

मथळ्यांकडे स्वतंत्रपणे पाहा. बहुतेक साधने मथळ्याच्या शब्दांवरूनच त्या विभागाचा दुवा तयार करतात, म्हणून मथळ्यातले एक अक्षर बदलले की त्या विभागाचा पत्ता बदलतो. मी काम करत असलेल्या एका प्रकल्पात प्रोग्राममधले 'मदत' हे बटण थेट अशा एका विभागावर नेत असे. मथळ्यातले स्पेलिंग आम्ही सुधारले, आणि आधीच्या आवृत्त्या वापरणाऱ्या प्रत्येकाचे ते बटण त्या दिवसापासून पानाच्या डोक्यावर जाऊन थांबू लागले. चुकलेले स्पेलिंग कोणालाही अडवत नव्हते. दुरुस्तीने मात्र अडवले. याचा अर्थ मथळा सुधारू नये असा नाही. जुना पत्ता स्पष्ट नावाने मथळ्याच्या वर ठेवावा, मगच मथळा सुधारावा. ज्या पुल रिक्वेस्टमध्ये मथळे बदलले आहेत तिच्यात हे केलेले नसेल तर तेवढा भाग थांबवून ठेवावा.

आता भाषांतराकडे येतो, कारण तुमच्या प्रकल्पात मराठीसह इतर भाषा आहेत. गेटटेक्स्ट या भाषांतर-साधनाच्या पद्धतीत मूळ इंग्रजी वाक्य हीच भाषांतराची किल्ली असते. स्फिंक्समधून भाषांतरासाठी मजकूर काढला तर एक परिच्छेद म्हणजे साधारणपणे एक किल्ली. त्या परिच्छेदात तुम्ही एक स्वल्पविराम घातला की किल्ली बदलते. पीओ फायली, म्हणजे मूळ वाक्ये आणि त्यांची भाषांतरे ठेवणाऱ्या फायली, अद्ययावत करताना प्रत्येक भाषेतले त्या परिच्छेदाचे भाषांतर 'फझी', म्हणजे संशयित म्हणून नोंदले जाते, आणि फायली संकलित करणारी एमएसजीएफएमटी ही आज्ञा अशी संशयित भाषांतरे मुळातच वगळते. परिणाम असा होतो की इंग्रजीतला स्वल्पविराम सुधारला आणि मराठी वाचकाच्या पानावर तो पूर्ण परिच्छेद इंग्रजीत उमटला. ज्यांनी तो परिच्छेद रात्री जागून भाषांतरित केला त्यांचे काम एका विरामचिन्हाने झाकले जाते. हा अन्याय मला दर वेळी बोचतो.

म्हणून इंग्रजीतील दुरुस्ती आशयाला धक्का लावत नसेल तर तीच दुरुस्ती सर्व पीओ फायलींमधल्या मूळ वाक्यातही करावी, म्हणजे किल्ली जुळते आणि भाषांतर टिकते. हे काम छोट्या स्क्रिप्टने होते. आशय बदलला असेल तर मात्र फझीची खूण पुसू नये, भाषांतरकारांना कळवावे. आणि आवृत्ती प्रसिद्ध होण्याआधीच्या ज्या काळात प्रकल्पाने मजकूर गोठवलेला असतो, त्या काळात इंग्रजीतली कितीही उघड चूक असली तरी ती पुढच्या आवृत्तीसाठी ठेवावी.

व्याकरणाच्या दुरुस्त्यांत अर्थ बदलण्याचा धोका स्पेलिंगपेक्षा जास्त असतो. तांत्रिक मानकांच्या लेखनात 'मस्ट', 'शुड' आणि 'मे' या तीन शब्दांना ठरलेले अर्थ आहेत. मार्च १९९७ च्या आरएफसी २११९ मध्ये ते नेमून दिले आहेत, आणि हे शब्द मोठ्या लिपीत लिहिलेले असतील तेव्हाच ते अर्थ घ्यावेत असा खुलासा मे २०१७ च्या आरएफसी ८१७४ ने केला. एखादा सहभागी मोठी लिपी 'ओरडल्यासारखी' दिसते म्हणून ती लहान करतो, किंवा 'शुड' चारदा आले म्हणून कानाला बरे वाटावे यासाठी एक 'मस्ट' करतो, तेव्हा त्याने व्याकरण सुधारलेले नसते, करार बदललेला असतो. मराठीतही हा भेद जपता येतो: 'केलेच पाहिजे', 'करावे' आणि 'करता येईल'. या तिन्हींतला फरक आपल्या कानाला इतका सवयीचा आहे की भाषांतर तपासताना तो सहज निसटतो. 'पासवर्ड बदलावा' आणि 'पासवर्ड बदललाच पाहिजे' ही दोन्ही वाक्ये शुद्ध आहेत, म्हणून एकाच्या जागी दुसरे चालेल असे होत नाही. तुमच्या प्रकल्पातल्या मराठी मार्गदर्शिकेत या तिन्ही इंग्रजी शब्दांच्या मराठी जोड्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

मराठी दुरुस्त्यांबाबत आणखी तपशिलात जायला हवे. शुद्धलेखनाचा आधार कोणता, याचे उत्तर सुदैवाने स्पष्ट आहे. मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेले चौदा नियम राज्य शासनाने १९६२ मध्ये मान्य केले आणि १९७२ मध्ये त्यांत चार नियमांची भर पडली. हे अठरा नियम रिव्ह्यू करणाऱ्याने जवळ ठेवावेत. म्हणजे 'सुरु करा' चे 'सुरू करा' का, 'आणी' चे 'आणि' का, 'राजापुर' चे 'राजापूर' का, आणि 'फूल' दीर्घ असताना 'फुलाला' ऱ्हस्व का, हे प्रत्येक वेळी नियम दाखवून सांगता येते. वाद व्यक्तीवर जात नाही. मात्र नकाशाच्या सॉफ्टवेअरच्या पानात 'राजापुर' हे एखाद्या माहितीफायलीतले मूल्य म्हणून आलेले असेल, तर पुन्हा तोच प्रश्न: माणूस वाचतो की यंत्र? गद्यात राजापूर करावे, मूल्यात हात लावू नये, आणि माहितीफाइल ज्यांची आहे त्यांना कळवावे. परभाषेतून आलेल्या शब्दांत 'फाइल' की 'फाईल', 'सिस्टम' की 'सिस्टीम', असे प्रश्न येतात. इथे प्रकल्पाने एक रूप ठरवून शब्दसूचीत नोंदवावे आणि तेवढ्यासाठी आलेली उलटसुलट दुरुस्ती नम्रपणे परत करावी.

डोळ्यांना न दिसणाऱ्या दुरुस्त्या हा देवनागरीचा वेगळाच विषय आहे, आणि माझ्या मते मराठी रिव्ह्यूमधला तो सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. 'दुसऱ्या' या शब्दातला अर्धा र दोन प्रकारे टंकता येतो: एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त असतो, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. 'दुसऱ्या' आणि 'दुसर्‍या' ही रूपे पानावर सारखीच उमटतात, पण संगणकाच्या दृष्टीने ते दोन वेगळे शब्द आहेत आणि एक शोधले तर दुसरे सापडत नाही. 'ॲप' चेही तसेच. ॲ हे एकसंध अक्षर युनिकोड या, प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या मानकात २००८ साली ५.१ या आवृत्तीत आले. त्याआधीच्या मजकुरात अ वर अर्धचंद्र देऊन 'अॅप' लिहिले जाई, आणि युनिकोडचे प्रमाणीकरण ही दोन रूपे एक करत नाही. आपल्या जिल्ह्याचे नावसुद्धा यातून सुटलेले नाही. 'रत्नागिरी' हे नाव कित्येक जुन्या मजकुरांत त आणि न यांच्यामध्ये अदृश्य जोडचिन्ह घालून, 'रत्‍नागिरी' असे टंकलेले आढळते. डोळ्याला फरक जवळजवळ जाणवत नाही, पण शोधयंत्राला जाणवतो.

म्हणून डिफमध्ये एखादा मराठी शब्द बदललेला दाखवला आहे आणि तुम्हाला तर दोन्ही बाजूंना तोच शब्द दिसतो आहे, असे झाले तर ती चूक समजून पुढे जाऊ नका. शब्दाचे युनिकोड क्रमांक छापून पाहा. दुरुस्ती जुन्या रूपाकडून नव्याकडे जात असेल तर ती मोलाची आहे. उलट्या दिशेने जात असेल तर सहभागीच्या कळफलकाने ती नकळत केली आहे, आणि ती परत करावी. 'पध्दत' आणि 'पद्धत' यांतला फरकही लहान अक्षरात दिसत नाही. शुद्ध रूपात द आधी आणि ध नंतर, आणि ही अदलाबदल 'शुध्दलेखन' या शब्दातच सर्वाधिक वेळा झालेली मी पाहिली आहे. 'टीप' पुढे अपूर्णविराम हवा तिथे विसर्ग टंकलेला असतो. दिसायला दोन ठिपकेच, पण मजकूर वाचून दाखवणारे साधन त्याचा उच्चार 'टीपह' असा करू शकते, आणि अंध वाचकाला तो शब्द कळत नाही. याउलट 'ल आणि श हिंदी वळणाचे दिसतात' अशी तक्रार आली तर मजकुरात काहीच दुरुस्त करायचे नसते. पानाला मराठी भाषेची खूण दिलेली नसते, किंवा वापरलेल्या फाँटमध्ये मराठी वळणाची सोय नसते, आणि दुरुस्ती तिथे करायची असते.

नियमांच्या पलीकडचे एक उदाहरण सांगतो, कारण त्याने माझी रिव्ह्यूची पद्धतच बदलली. आमच्या तालुक्यातले एक निवृत्त शिक्षक, ज्यांना सगळे गुरुजीच म्हणतात, एका प्रोग्रामच्या मराठी पानांचा छापील गठ्ठा मागून घेऊन गेले आणि आठवड्याने लाल शाईने भरून घेऊन आले. त्यांच्या बऱ्याच दुरुस्त्या १९६२ पूर्वीच्या वळणाच्या होत्या: 'नांव', 'कांही', 'नाहीं'. मी अठरा नियमांची प्रत त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी ती शांतपणे वाचली आणि ते अनुस्वार स्वतःच्या हाताने खोडले. मग ते एका वाक्यावर बोट ठेवून थांबले. वाक्य होते, 'हे बटण दाबल्यास फाइल हटवली जाईल.' त्यात व्याकरणाची चूक नव्हती, शुद्धलेखनाचीही नव्हती.

"हटवली म्हणजे बाजूला सरकवली ना रे?" त्यांनी विचारले. "मग ती ठेवली कुठे, ते लिहिलेलं नाही."

त्या वाक्याने आम्ही सात वर्षे लोकांना सांगत होतो की फाइल नष्ट होईल, आणि वाचणारा समजत होता की ती दुसरीकडे जाईल. हिंदीतून आलेला अर्थ आमच्या, संगणकावर दिवस काढणाऱ्यांच्या, अंगवळणी पडला होता. अतिक्रमण हटवतात, गर्दी हटवतात, हे मराठी माणसाच्या कानातले अर्थ आम्ही विसरलो होतो. वाक्य आता 'फाइल कायमची पुसली जाईल, ती परत मिळवता येणार नाही' असे आहे. यानंतर एका मच्छीमार सोसायटीच्या हिशेबासाठी वापरल्या जाणाऱ्या प्रोग्रामची पाने तपासताना, शैली सुधारण्याच्या हेतूने कोणीतरी काही ठिकाणी 'शिल्लक' काढून 'बाकी' घातलेले मला लगेच खटकले. हातात उरते ती शिल्लक आणि येणे असते ती बाकी. लिलावानंतर संध्याकाळी हिशेब लिहिणाऱ्या माणसाला हे दोन शब्द एक वाटत नाहीत. तेव्हा मराठी दुरुस्ती मर्ज करण्याआधी ते वाक्य अशा एखाद्या माणसाला मोठ्याने वाचून दाखवा, ज्याला तो प्रोग्राम वापरायचा आहे पण ज्याने तो बनवलेला नाही. प्रत्येक वाक्यासाठी हे शक्य नाही. जिथे काही पुसले जाते, पैसे मोजले जातात किंवा परत फिरता येत नाही, तिथे ते टाळू नये.

राहिला प्रश्न पाठवणाऱ्या माणसाचा. लहान दुरुस्त्यांविषयी पुष्कळ प्रकल्पांत एक कटुता आहे आणि ती अकारण नाही. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये हॅक्टोबरफेस्ट या उपक्रमात चार पुल रिक्वेस्टबद्दल मिळणाऱ्या टी-शर्टसाठी निरर्थक बदलांचा इतका पूर आला, की उपक्रम सुरू होऊन दोन-तीन दिवस होत नाहीत तोच आयोजकांना नियम बदलावे लागले आणि ज्या प्रकल्पांनी स्वतःहून संमती दिली आहे तेवढेच त्यात धरायचे ठरले. पण त्या अनुभवावरून प्रत्येक स्पेलिंग सुधारणाऱ्याकडे संशयाने पाहणे चुकीचे आहे. शहरापासून दूर राहणाऱ्या, ओळखीचे कोणी या क्षेत्रात नसलेल्या मुलामुलींसाठी प्रकल्पात शिरण्याचे हेच दार असते. मी स्वतः एका पानातला गळालेला शब्द भरून या कामात आलो. दुरुस्ती खरी आहे का, एवढेच पाहावे. ती एका अक्षराची आहे म्हणून कमी लेखू नये, आणि ती पाठवणारा नवखा आहे म्हणून न वाचता मान्यही करू नये.

तुमच्या चाळीस फायलींबाबत मी असे करीन. सहभागीचे आभार मानून त्याला ती पुल रिक्वेस्ट चार भागांत विभागून पाठवायला सांगेन: गद्यातले निव्वळ स्पेलिंग, व्याकरण आणि वाक्यरचना, मराठी पाने, आणि मथळे. विभागणी करायला त्याला जमत नसेल तर पहिल्या दोन फायली त्याच्याबरोबर बसून करीन, कारण कमिट कशी तोडायची हे एकदा दाखवल्याशिवाय कोणालाही येत नाही. निव्वळ स्पेलिंगचा भाग वर्ड-डिफने वाचून, पाने बनवून, त्याच दिवशी मर्ज करीन, म्हणजे त्याचे नाव प्रकल्पात लागेल आणि उरलेल्या कामाला त्याला हुरूप राहील. व्याकरणाचा भाग वाक्यागणिक वाचीन आणि जिथे अर्थ हलला आहे तिथे 'हे चूक आहे' असे न लिहिता, आधीच्या वाक्याने वाचक काय करील आणि नव्या वाक्याने काय करील, ते दोन ओळींत लिहीन. मराठी पाने युनिकोड तपासून भाषांतरकारांपैकी एकाकडे दुसऱ्या वाचनासाठी देईन. मथळ्यांचा भाग सगळ्यांत शेवटी घेईन, आणि पुढच्या आवृत्तीची तारीख पंधरा दिवसांच्या आत असेल तर तो तिच्यानंतरच उघडीन.